रात्री दोनचं नागपूर

आठवीच्या मुलींना दरवर्षी जुलैमध्ये, पहिल्या पावसानं ऊन जरा नरमलं की, मी झिरो माइलला घेऊन जात असे. एकतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यातल्या फार थोड्या वर्षी ही फेरी चुकली. वालुकाश्माचा खांब, उधळलेले चार घोडे, आणि गावांची नावं नि मैल कोरलेला तो सहा कोनी दगड. जबलपूर १७०, हैदराबाद ३१८, चांदा १२५, बैतूल १०१, छिंदवाडा ८३. मुली वह्यांत उतरवून घ्यायच्या. आणि दरवर्षी एक तरी मुलगी दगडाला पुरता वळसा घालून यायची आणि विचारायची, ‘मॅडम, मुंबई कुठं आहे?’

मुंबई त्या दगडावर नाही. दगड १९०७ चा, त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या काळातला. तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती. दगडाला मुख्यतः आपल्या आसपासच्या मुलखाशी कर्तव्य होतं, आणि मुंबईचा इलाखा निराळा. मी मुलींना दोन आकडे सांगायचे. रेल्वेनं ८३७ किलोमीटर, आणि विमान ज्या सरळ रेषेत उडतं त्या रेषेनं साधारण ६८५. परीक्षेला तेवढं पुरे होतं.

माझ्या वडिलांना हाच प्रश्न कुणी विचारला असता तर त्यांनी किलोमीटर सांगितलेच नसते. ते म्हणाले असते, ‘मुंबई? तिकडून अकराला उडालं की दीडला डाक आपल्या हातात.’

बाबा आरएमएसमध्ये होते. रेल्वे मेल सर्व्हिस. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी गाडीच्या डाकडब्यात उभ्यानं काढली. हलत्या डब्यात खणाखणांत पत्रं टाकायची आणि पुढचं स्टेशन यायच्या आत बॅग बांधून लाख लावायची, हे काम. नंतर त्यांची ड्यूटी सोनेगावच्या विमानतळावर लागली, तीही रात्रीची. आम्ही खामल्याला राहायचो. तेव्हा खामला नागपूरच्या बाहेरचं वाटावं असं होतं, मधे शेतं, संत्र्यांचे मळे, आणि पलीकडे सोनेगाव. जेवण झालं की बाबा सायकलला डायनामो लावून निघायचे. शेजारच्या घरांत माणसं निजायला लागलेली असत तेव्हा आमच्या घरचा कर्ता माणूस कामाला जात असे, आणि मला लहानपणी त्याचा फार अभिमान वाटायचा.

ती ड्यूटी होती नाइट एअर मेलची. ज्यांचा जन्म १९७० नंतरचा आहे त्यांना हे शब्द सांगून काही उमगत नाही, हे मी वर्गात पाहिलं आहे. म्हणून आधी नकाशा.

घरी पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. मुंबईवर एक टोक, कोलकात्यावर दुसरं, आणि दोरा ताणा. दुसरा दोरा दिल्लीपासून चेन्नईपर्यंत. दोन्ही दोरे जिथं एकमेकांवर पडतात तिथं बोट ठेवा. बोटाखाली नागपूर असतं. ‘भारताच्या मध्यभागी’ हे आम्ही नागपूरकर सवयीनं म्हणतो, पण ही गोष्ट त्याहून नेमकी आहे. नागपूरहून मुंबई ६८५, दिल्ली सुमारे ८५०, चेन्नई सुमारे ९१०, कोलकाता सुमारे ९८५ किलोमीटर. मुंबईहून नागपूर आणि नागपूरहून कोलकाता अशी बेरीज केली, तर ती मुंबई-कोलकाता थेट अंतराहून जेमतेम दहाएक किलोमीटर जास्त भरते. दिल्ली-चेन्नईच्या रेषेवर तर तेवढाही फरक पडत नाही. देशातली चार महानगरं, त्यांच्या समोरासमोरच्या दोन जोड्या, आणि दोन्ही रेषांचा छेद एका गावावर. हे कुणी ठरवून केलेलं नाही. इंग्रजांनी तीन शहरं समुद्राच्या सोयीनं वसवली, दिल्ली तर कितीतरी आधीपासून होती, आणि नागपूर गोंड राजांनी वसवलं ते नाग नदीच्या काठी पाणी होतं म्हणून. तरी रेषा जुळल्या. फळ्यावर ही आकृती काढताना माझा हात दरवर्षी थोडा थरारायचा. चाळीस मुलींपैकी चार-दोघींना तरी ते कळायचं.

पण रेषा जुळल्या म्हणून गावं जवळ येत नाहीत. नागपूरचं तोंड मुंबईकडे वळलं तेच मुळी रेल्वेमुळे. त्याआधी वऱ्हाड-नागपूरचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर उत्तरेला मिर्झापूरला जायचा, गंगेच्या काठी. तिथून नावेत आणि पुढे कलकत्त्याला. पाचशे मैलांची ती वाट तांडा महिनोन् महिने चालायचा, वाटेत पाऊस गाठला तर गाठी भिजून जायच्या. अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे सगळ्यांचे डोळे लागले. जी.आय.पी. रेल्वेचे रूळ थळ घाट चढून, नाशिक-भुसावळ करत १८६७ मध्ये नागपूरला येऊन थडकले. मुंबईपासून ५२० मैल. तोवर ती यादवी संपूनही गेली होती, पण रूळ राहिले. त्या दिवसापासून मिर्झापूर आमच्या नकाशावरून पुसलं गेलं आणि मुंबई गाडीच्या टप्प्यात आली. पुढे बंगाल नागपूर रेल्वेनं पूर्वेची बाजू जोडली, १९०० पर्यंत गाडी हावड्याला पोचली, आणि नागपूर हे मुंबई-हावडा वाटेवरचं मधलं मोठं स्टेशन झालं. बाबा ज्या डाकडब्यात उभे राहत तो याच वाटेवरचा. मुंबईत टाकलेलं पत्र कलकत्त्याला पोचायला गाडीत दोन रात्री काढायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

मग महायुद्ध झालं. अमेरिकन सैन्य परत जाताना डाकोटा विमानं मागं ठेवून गेलं. ती पडत्या भावात विकली गेली, आणि ज्यांना विमानाचा ‘वि’ ठाऊक नव्हता अशांनीही कंपन्या काढल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात विमानं जास्त आणि उतारू कमी, अशी अवस्था होती. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. त्यांनी या रिकाम्या विमानांकडे आणि गाडीत दोन रात्री झोपून राहणाऱ्या पत्रांकडे एकत्र पाहिलं. कल्पना सोपी होती. चार शहरांतून रात्री चार विमानं निघतील, मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र येतील, डाक आणि उतारू एकमेकांत बदलतील, आणि उजाडेपर्यंत पुन्हा चार दिशांना पोचतील. १९४९ च्या जानेवारीअखेर ही सेवा सुरू झाली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून ‘ऑल-अप’ योजना आली. देशातलं साधं पत्र, जादा पैसे न घेता, जिथं विमानानं लवकर पोचेल तिथं विमानानं जाणार. त्या काळी आपला देश किती गरीब होता हे आठवलं की मला या निर्णयाचं मोल कळतं. ज्या माणसाला जन्मात कधी विमानात बसायला मिळणार नव्हतं, त्याचं अक्षर विमानात बसलं.

जे.आर.डी. टाटांचा याला विरोध होता. १९३२ मध्ये कराचीहून जुहूला पहिली टपाल स्वतः उडवत आणणारा हा माणूस. टपाल विमानानं जाऊ नये असं त्याला कसं वाटेल? त्यांचं म्हणणं वेगळं होतं. रात्री वाट दाखवणारी साधनं, उतरायची सोय, हवामानाची खबर हे सगळं आधी पुरतं उभं करा, मग रात्री उडा. त्यांच्या कंपनीनं हे काम अंगावर घेतलं नाही. किडवाई थांबले नाहीत. इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स नावाच्या एका छोट्या कंपनीनं सुरुवात केली, ती फार टिकली नाही. मग हिमालयन एव्हिएशन आली, डेक्कन एअरवेज आली. हवाई कंपन्यांची ही सगळी ओढाताण तपासायला १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्षांची समिती बसली, आणि १९५३ च्या ऑगस्टमध्ये सगळ्या देशी कंपन्या एक होऊन इंडियन एअरलाइन्स झाली. रात्रीची डाक मात्र या सगळ्यातून तगली.

गणित करून पाहा. डाकोटाचा वेग ताशी साधारण पावणेतीनशे किलोमीटर. मुंबईला अडीच तास पुरतात, दिल्लीला तीनच्या वर, मद्रासला साडेतीनच्या आसपास, आणि कलकत्त्याला त्याहूनही थोडं जास्त. चौघांनी एका वेळेला भेटायचं तर कलकत्त्याच्या विमानानं सर्वांत आधी निघायला हवं आणि मुंबईच्या विमानानं सर्वांत शेवटी. म्हणून मुंबईच्या माणसाला पत्र लिहायला तासभर जास्त मिळायचा, असं बाबा म्हणत. मुंबईहून दिल्लीला जाणारं पत्र तर सरळ न जाता नागपूरचा वळसा घेऊन जाई, सुमारे चारशे किलोमीटर जास्त. तरी ते सकाळी दिल्लीत असे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे. लांबची वाट घेऊनही ते लवकर पोचत होतं, कारण वाटेत एक जागा होती जिथं सगळे वेळेवर येत.

मे महिन्यात आम्ही अंगणात झोपायचो. दिवसभर पंचेचाळीस अंशांनी तापलेल्या भिंतींना रात्रभर हात लावता येत नसे. संध्याकाळी आई अंगणात पाणी शिंपडायची, खाटा टाकायची. अंगणातून सोनेगावच्या बाजूचा आभाळाचा कडा दिसे. कधी झोप चाळवली की पश्चिमेकडून घरघर यायची, दोन इंजिनांची, एकसारखी न वाटणारी, जरा मागेपुढे होणारी. मग तांबडा-हिरवा दिवा. मग दुसरी घरघर. पुढे चार इंजिनांची स्कायमास्टर विमानं आली, त्यांचा आवाज जाड, पसरट. बाबा विमानतळावर आवाजावरून सांगायचे म्हणे, ‘हे कलकत्त्याचं’, आणि दोन मिनिटांनी ते पूर्वेकडून उतरायचं. मीही अंगणातून तसं ओळखायला शिकले. एक मुंबईचं, एक दिल्लीचं. चार झाली की निजायचं, असा माझा नेम होता. एकदा बाबा ड्यूटीवर नसताना मला जागी पाहून म्हणाले, ‘काहून जागी आहे अजून?’ मी म्हटलं, ‘मद्रासचं आलं नाही.’ तेही मग खाटेवर उठून बसले. आम्ही दोघं ते येईपर्यंत जागे राहिलो.

एकदाच त्यांनी मला तिथं नेलं, मी आठ-नऊ वर्षांची असेन. डिसेंबर होता, नागपूरची कोरडी, हाडात शिरणारी थंडी. डाकोटा जमिनीवर उभं असताना शेपटीवर बसल्यासारखं असतं, नाक वर आणि मागचं टोक खाली, त्यामुळे उतारू आतून उतरणीवरून चालत दाराशी यायचे. शाली, मफलर, कानात कापूस. ते चहापाण्याला आत गेले की इकडं धावपळ सुरू. हातगाड्यांवर बॅगा, कॅनव्हासच्या, प्रत्येकीच्या गळ्याशी सुतळी, लाखेचं सील आणि लेबल. बाबा कंदिलाच्या उजेडात मेल लिस्ट घेऊन उभे. एक जण लेबल वाचून ओरडायचा, बाबा यादीत खूण करायचे, सील बोटानं चाचपून पाहायचे, आणि बॅग दुसऱ्या गाडीवर. मुंबईची दिल्लीकडे, मद्रासची कलकत्त्याकडे, प्रत्येकाची प्रत्येकाकडे. सील फुटलेलं दिसलं तर सगळं थांबवून आधी वजन, मग नोंद, मग सह्या. तासाभरात चारही विमानं रिकामी होऊन भरली गेली. देशाच्या चार कोपऱ्यांतली माणसं आपापल्या घरी झोपली होती आणि त्यांचं सगळं बोलणं, वाद, लग्नाच्या पत्रिका, कोर्टाचे कागद, मालाच्या ऑर्डरी आमच्या सोनेगावच्या फरशीवर एकमेकांशेजारी पडले होते. विमानातल्या कुणीतरी मला लिमलेटच्या दोन गोळ्या दिल्या. एक मी खाल्ली, एक आईला आणली.

१९५३ च्या डिसेंबरातली एक पहाट मात्र मला आठवते ती आईच्या चेहऱ्यावरून. मी तेव्हा सहा वर्षांची. मद्रासकडे निघालेलं डाकोटा नागपूरहून उडाल्यावर काही क्षणांतच कोसळलं होतं. तेरा जण गेले, वैमानिक तेवढा वाचला. बाबा घरी आले ते उन्हं वर आल्यावर. विहिरीच्या कठड्यावर बसले आणि बराच वेळ बूट काढेनात. त्या विमानातल्या बॅगा त्यांनीच मोजल्या होत्या, आणि ती माणसं चहा पिताना त्यांना दिसली होती. तोवर बाबा किडवाईंच्या बाजूचे होते, रात्री उडायलाच हवं म्हणणारे. त्यानंतर त्यांनी या वादावर कधी मत दिलं नाही. मी मोठी झाल्यावर जे.आर.डीं.चे आक्षेप वाचले आणि त्यांना सांगितले. ते एवढंच म्हणाले, ‘ते वैमानिक होते ना. त्यांना अंधार ठाऊक होता.’ मला वाटतं, दोन्ही माणसं खरी होती. एकाला पत्राची घाई दिसत होती, एकाला पत्र नेणाऱ्याचा जीव. दुसऱ्या रात्री विमानं आली, आणि बाबा गेले.

माझा भाऊ १९५९ मध्ये नोकरीला मुंबईला गेला. आठवड्याला त्याचं पाकीट यायचं. त्यानं संध्याकाळी परळला पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी दहा-अकराला पोस्टमन आमच्या दारात आणून द्यायचा. आई अक्षरावरून बोट फिरवायची, शाई अजून ओली आहे की काय असं. ‘काल बसून लिहिलंय पोरानं,’ म्हणायची. कालचं अक्षर आज हातात, याचं तिला शेवटपर्यंत नवल वाटलं. आणि तिच्या लक्षात एक गोष्ट आली होती. ती बाबांना म्हणाली, ‘अहो, ही बॅग रात्री तुमच्याच हातून जाते ना? मग सकाळी येताना पत्र घेऊनच का येत नाही?’

बाबा हसले नाहीत. त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं, जसं ते नव्या सॉर्टरला सांगत असतील. बॅगेवर नागपूरचं लेबल असतं. ती सीलबंद असते. ती जिच्या नावची तिथंच उघडायची, चार डोळ्यांसमोर. मी फक्त मोजतो. ‘माझ्या पोराचं पत्र त्यात असलं तरी ते अजून माझं नाही. पोस्टमननं दिलं की माझं.’ म्हणजे कितीतरी रात्री माझ्या भावाचं पत्र माझ्या वडिलांच्या हातात आलेलं असे, त्यांनी त्याचं वजन उचललेलं असे, सील चाचपलेलं असे. आणि मग ते सायकलवर बसून घरी यायचे, आंघोळ करायचे, आणि आईबरोबर पोस्टमनची वाट पाहायचे. मुंबई ते नागपूर हे अंतर मला कुणी विचारलं की आजही आधी मला हे चार-पाच तासांचं वाट पाहणं आठवतं, विमानाचे अडीच तास नंतर.

या काळात मुंबईचं अंतर दुसऱ्या एका बाजूनं वाढत होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूरचं राजधानीपण गेलं. कारकून आणि त्यांची कुटुंबं भोपाळला, मुंबईला गेली, आमच्या वर्गातल्या मुली शाळा सोडून गेल्या. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन इथं घेण्याचं ठरलं होतं, ते १९६० नंतर दर हिवाळ्यात होऊ लागलं, आणि थंडीचे ते दिवस सिव्हिल लाइन्सला पुन्हा राजधानीचा भास होऊ लागला. एरवी मात्र फाईल मुंबईला. माझ्या स्वतःच्या निवृत्तिवेतनाच्या एका कागदावर सही राहिली म्हणून मी दोन रात्री गाडीत काढल्या होत्या, जाताना एक आणि येताना एक, आणि मधल्या दिवशी एका कचेरीच्या बाकावर बसून होते. साहेब आले नव्हते. विदर्भ एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर मी त्या रात्री रडले. पाय दुखत होते म्हणून नव्हे. ज्या गावात चार शहरं रोज भेटायला येत, त्या गावातल्या माणसाला सहीसाठी ८३७ किलोमीटर जावं लागत होतं, याचं दुःख झालं.

रात्रीची डाक संपली ती कुणाच्या चुकीनं नव्हे. १९६४ मध्ये इंडियन एअरलाइन्सनं कॅरव्हेल जेट आणलं, १९७० च्या सुमारास बोइंग ७३७ आली. मुंबई-दिल्ली दोन तासांत होऊ लागल्यावर मध्यरात्री नागपूरला थांबायचं कारण उरलं नाही. सत्तरच्या दशकात ही सेवा बंद झाली. गंमत बघा, १९७३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत फेडेक्स नावाच्या कंपनीनं मेम्फिस या गावी अगदी हेच सुरू केलं. दहा दिशांची विमानं मध्यरात्री एका गावी, पाकिटांची अदलाबदल, सकाळी परत. आज जगभरात त्या पद्धतीचे गोडवे गातात. आमच्याकडे ती चोवीस वर्षं आधी होती, तीही साध्या पत्रासाठी. नागपुरात ‘मिहान’ या माल वाहतूक केंद्राचा विचार निघाला तेव्हा पुन्हा तीच ती रेषांची आकृती कागदावर आली. ती काढणाऱ्यांपैकी किती जणांनी सोनेगावची ती जुनी फरशी पाहिली असेल कोण जाणे. ती त्यांनी पाहायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

आता सोनेगावच्या विमानतळाला २००५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. मुंबईचं विमान तिकिटावर दीड तास लिहितं, त्यातलं प्रत्यक्ष हवेत असणं तास-सव्वातासाचं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा २०२२ च्या डिसेंबरात खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा २०२५ च्या जूनमध्ये. माझा भाचा मोटारीनं आठ तासांत येतो. थळ घाटात गाडीला आजही मागून बँकर इंजिनं लावतात, त्याच घाटाच्या पोटातून आता मोटारींचा बोगदा जातो. मागच्या हिवाळ्यात भावाला भेटून मी विमानानं परत आले. त्याच्या डोंबिवलीच्या घरून निघाल्यापासून खामल्याच्या दारापर्यंत सहा तास लागले, त्यातला हवेतला एक तास. भाऊ आता ऐंशीच्या पुढे गेला. निघताना त्यानं हातात एक पाकीट दिलं, वर माझा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेलं. म्हणाला, ‘पेटीत टाकायचं राहून गेलं. घरी जाऊन वाच.’

मी ते विमानात उघडलं नाही. पर्समध्ये ठेवलं, आणि घरी येऊन, हातपाय धुऊन, चष्मा लावून मगच वाचलं.

आमच्या जुन्या अंगणात आता तीन मजली घर आहे. गच्चीवर मी मे महिन्यात अजूनही खाट टाकते. सोनेगावला रात्रीही विमानं उतरतात, पण मी बघते ती वरची, फार उंचावरची, जी उतरत नाहीत. मुंबईहून कोलकात्याला जाणारी आणि दिल्लीहून चेन्नईला जाणारी विमानं आजही आमच्या डोक्यावरच एकमेकांची वाट ओलांडतात. रेषा आहे तिथंच आहे. नात सुट्टीत आली होती तेव्हा तिला एक दिवा दाखवला, उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकणारा. म्हटलं, ‘हे मद्रासचं.’ तिनं मोबाइल आभाळाकडे धरला आणि पडद्यावर पाहिलं.

‘बरोबर, आजी. दिल्ली ते चेन्नई. अकरा किलोमीटर वर आहे.’

तिनं विचारलं की आता चेन्नई किती लांब. मी म्हटलं, सव्वा तास. आणि बाबांच्या वेळचे साडेतीन तासही सांगितले, तिनं विचारले नव्हते तरी.